बत्तिसावा उतारू

"बाबा, फकत बसान रवायचा," निहारने तिसऱ्यांदा सांगितलं. "कोणाची तिकटां बघू नको. कोणाक फुडे सरा म्हणा नको. पंचेचाळीस मिनटांनी बोट परत हयसरच येतली. तवसर मी इलंयच."

"माका काय भुरगो समाजतंस?" सगुण म्हणाला.

"नाय रे. पण..."

निहारच्या त्या 'पण'लाच सगुण भीत होता. गेले पंधरा दिवस तो 'पण' घरभर त्याच्या मागे फिरत होता. निहार क्वालालंपूरला नोकरीला, सून गौरवीही तिथेच. सगुणची बायको शेवंती वारल्याला दहा महिने झाले, तेव्हा "थोडो हवापालट" म्हणून मुलाने बापाला गोव्यातल्या हळर्णहून मलेशियात आणलं. आल्यावर कळलं, की हवापालटाचं मूळ शेजारच्या शांताच्या फोनात होतं. सगुणभाऊ रोज सकाळी दोन कप चहा करतात, एक पितात आणि दुसरा थंड होईपर्यंत बघत बसतात, असं तिने निहारला कळवलं होतं.

"बाबा, तू दोन कप चाय करतंस?" निहारने विमानतळावरून घरी येताना गाडीतच विचारलं होतं.

"एक आताची, एक मगेची," सगुण म्हणाला होता. उत्तर त्यालाच पटलं नव्हतं, तर मुलाला काय पटणार?

येत्या शनिवारी डोक्याच्या डॉक्टरकडे नंबर लावून ठेवला होता. "तो काय सांगता बघया, मगे परतीचा तिकीट काढू," असं निहार म्हणे. म्हणजे डॉक्टरने मान हलवली, तर हळर्णच्या घराला कुलूप. त्या घरात सोडवत नाही असं काही मोठं नव्हतं. एक विहीर, पाच माड आणि शेवंतीने लावलेली अबोली. पण अबोलीला रोज पाणी लागतं, आणि ते शांता घालत असेल यावर सगुणचा काडीचा विश्वास नव्हता.

म्हणून शनिवारपर्यंत एकही चूक करायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. चहा करायला तो स्वयंपाकघरात जातच नव्हता.

आज गुरुवार होता. निहारला पुत्रजयात एका सरकारी कचेरीतून शिक्का मारून घ्यायचा होता. गौरवी म्हणाली, "बाबांकय व्हरा. बरा शहर आसा, तळ्यात बोटी आसत." सगुण निघाला. मोठमोठे पूल, गुलाबी मशीद, हिरव्या घुमटाची पंतप्रधानांची कचेरी, एकीहून एक उंच इमारती. रस्ते एवढे रुंद, की त्यात हळर्णचा अख्खा वाडा आडवा झोपला असता. पण त्या रस्त्यांवर माणूस दिसेना.

"माणसां खंय गेली?"

"कचेऱ्यांनी आसत. ह्या शहर सरकारी कामांसाठीच बांधलेला, बाबा. आधी नकाशो काढलो, मगे शहर केलां."

"आणि तळा?"

"ताय केलेलाच. आधी हयसर तळा नव्हता."

हे सगुणला पटेना. नदी, कोंड, झर, बांध, प्रत्येकाला राखणदार असतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. कोण कुठे बसतो आणि कोणाला काय चालतं, तेही ठाऊक होतं. पण कागदावर आखून केलेल्या तळ्याला कोण राखणार? एक तर कोणीच नसणार, नाहीतर जागा मोकळी बघून कोणीतरी भलताच येऊन बसलेला असणार. दोन्ही वाईट.

निहार तिकिटाच्या खिडकीकडे गेला, तेव्हा सगुणने सकाळच्या नाश्त्यातला पाव खिशातून काढला. कोणी बघत नाही असं पाहून कठड्याशी वाकला, पाव कुस्करून पाण्यात सोडला आणि पुटपुटला, "जो कोण हयसरचो राखणो आसात, तेका हळर्णच्या सगुणाचो नमस्कार. मी पावणो. माका पोवाक येयना. बोटीत जितकी माणसां चढतली, तितकी परत उतरूंदी रे म्हाराजा." गाऱ्हाण्याला 'होय म्हाराजा' म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेही त्यानेच म्हटलं.

निहार फोन कानाला लावूनच परत आला. कचेरीतला माणूस जेवायला जायच्या आत पोचायचं होतं. त्याने घडी केलेलं तिकीट बापाच्या शर्टाच्या खिशात कोंबलं, हाताने 'जा, जा' केलं आणि फाईल काखेत मारून धावत सुटला.

बोटीच्या फळीशी निळा स्कार्फ बांधलेली एक बाई तिकिटं घेत होती. सगुणने घडी पुढे केली. तिने बोलता बोलता ती तशीच अर्धी फाडली, आपला भाग डब्यात टाकला, उरलेला त्याच्या हातात दिला. तिकिटाकडे बघितलं नाही, माणसाकडेही नाही. सगुणला राहवेना. एकतीस वर्षं तो पेडणे-म्हापसा सरकारी बसवर कंडक्टर होता. असं तिकीट फाडणाऱ्याला डेपोत उभा केला असता. पण कोणाची तिकिटं बघायची नाहीत असं ठरलं होतं. त्याने घडी खिशात ठेवली. स्वतःचं तिकीट उघडून बघायची त्याला सवयच नव्हती. कंडक्टरला तिकीट नसतंच.

सगळे चढल्यावर त्या बाईने डब्यातले तुकडे मोजले आणि कप्तानाजवळच्या पाटीवर खडूने आकडा लिहिला. बत्तीस.

सगुण मधल्या बाकावर बसला आणि बाजूच्या खिडकीच्या जागेवर आपली कापडी पिशवी ठेवली.

"ही जागा रिकामी हाय काय ओ?"

मराठी ऐकून तो दचकला. पांढरे बूट, नऊवारी अंगाची पण पाचवारीत बसवलेली, हातात पंखा, अशी एक बाई समोर उभी होती.

"नाय. हयसर माणूस आसा," सगुणच्या तोंडून निघून गेलं.

"मग ऱ्हाऊ दे." बाई पलीकडच्या बाकावर टेकली. "मी भाग्यलक्ष्मी. बेळगावची. मराठी शाळेत छत्तीस वर्षं इंग्रजी शिकिवलंय. आमी अकरा जण आलोय टूरला. तुमी गोव्याकडचे न्हवं? बोलण्यावरनंच कळतंय."

सगुणने मान हलवली. त्याला पिशवीकडे बघवेना. हयसर माणूस आसा, असं आपण का म्हटलं? शेवंतीला बस लागायची. अडतीस वर्षं खिडकीची जागा तिची. पिशवी ठेवून ती धरायची, हे त्याचं काम. आता हात आपलाच, पिशवी आपली, आणि खोटंही आपण बोललो. हे निहारने ऐकलं असतं तर शनिवारपर्यंतही थांबला नसता.

बोट सुटली. पाणी काळंशार आणि गप्प होतं. लाट नाही, वास नाही. नदीला कसा चिखलाचा, माशाचा वास असतो. या पाण्याला काहीच नव्हतं, म्हणून ते जास्त भीतिदायक वाटत होतं. पहिला पूल आला तशी माणसं उठून मागच्या उघड्या भागात फोटो काढायला गेली. पूल गेल्यावर अर्धी परत आली.

सगुणचं बोट मांडीवर आपोआप हलायला लागलं. तो उतारू मोजत होता. कप्तान आणि स्कार्फवाली बाई सोडून, मागचे आणि पुढचे. तीस.

त्याने पाटीकडे बघितलं. बत्तीस.

पुन्हा मोजले. तीस. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो मनात हसला. कंडक्टर स्वतःला मोजत नाही! तीस आणि आपण, एकतीस.

हसू अर्ध्यावरच थांबलं. एकतीस म्हणजेसुद्धा बत्तीस नव्हेत.

तो उठून मागे गेला. संडासाच्या दारावर टकटक केली. आत कोणी नव्हतं. बाकाखाली बघितलं. मागच्या कठड्यापाशी गेला, तर कठडा जेमतेम कमरेएवढा. खाली पाणी, आणि पाण्यावर बोटीने पाडलेली रेघ, तीही मिटत चाललेली.

आता काय करायचं? आपण चुकीचं मोजत असू, तर डोकं गेलं, याला याहून मोठा पुरावा नको. डॉक्टरची फीसुद्धा वाचेल. आणि बरोबर मोजलं असेल, तर एक माणूस या वास नसलेल्या पाण्यात तळाशी आहे आणि ते फक्त आपल्याला ठाऊक आहे. दुसरा पूल येईपर्यंत सगुण गप्प बसला. दुसऱ्या पुलाखाली सावली पडली, तसं त्याला आठवलं. एकदा एक म्हातारी पेडण्याच्या स्टँडवर राहिली होती आणि त्याने ड्रायव्हरला धारगळवरून बस फिरवायला लावली होती. सगळ्या बसने शिव्या घातल्या. रात्री शेवंती म्हणाली होती, "गाळी पचतत रे. म्हातारी पचली नसती."

"बाय," तो भाग्यलक्ष्मीपाशी जाऊन हळूच म्हणाला, "जरा माणसां मोजशात?"

"कशाला ओ?"

"पाटयेर बत्तीस आसत. माका एकतीस गावतत."

"वय काय तुमचं?"

"सदुसष्ट."

"मग ऱ्हाऊ दे, मीच मोजते." ती पंख्याच्या दांड्याने मोजत गेली आणि परत येताना तिचा रंग उतरला होता. "एकतीस." मग तिने घाईने आपले अकरा मोजले. अकरा होते. आपले सगळे आहेत म्हटल्यावर तिला आवाज फुटला. "अगं बाई! माणूस पडलं की ओ पाण्यात!"

छत्तीस वर्षं वर्ग सांभाळलेला तो आवाज होता. तेच तिने इंग्रजीतही सांगितलं. स्कार्फवाली बाई धावली. तिने मोजले, पाटी बघितली, डबा उपडा करून तुकडे मोजले आणि मटकन खाली बसली. कप्तानाने इंजिन बंद केलं, भोंगा वाजवला, वायरलेसवर ओरडू लागला. पाच मिनिटांत दुसरी बोट आली. काळे रबरी कपडे घातलेले दोन पाणबुडे तिच्यातून पाठमोरे पाण्यात पडले. आणि इतका वेळ ज्या शहरात माणूस दिसत नव्हता, त्या शहरातल्या सगळ्या कचेऱ्यांतून माणसं बाहेर पडून तळ्याच्या काठाला उभी राहिली. गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे, हातात जेवणाचे डबे.

सगुण पाण्याकडे बघत बसला होता. जितकी चढतली तितकी उतरूंदी, असं आपण मागितलं होतं. पण पाव शिळा होता. राखण्याला राग आला असेल काय?

दुसऱ्या बोटीतून आलेल्या अधिकाऱ्याने एक छापील फॉर्म काढला आणि कोण नाहीसं झालं ते विचारायला सुरुवात केली. तशी एकेकाला आठवू लागली, आणि भाग्यलक्ष्मी ते सगुणला मराठीत सांगत गेली. टोपीवाल्या माणसाला एक वयस्क बाई आठवली. त्याच्या बायकोला तिची साडी आठवली. हिरवी होती. आणखी एकाला वाटलं, ती गप्प होती आणि तिला बोट लागत असावी.

"बसली कुठं होती?" अधिकाऱ्याने विचारलं.

टोपीवाल्याने बोट केलं ते सगुणच्या पिशवीकडे.

शेवंतीला नेसवून नेली ती साडी हिरवीच होती.

"व्हय की!" भाग्यलक्ष्मी उसळली. "हितं माणूस हाय म्हणून तुमीच सांगितलासा मला! कुठाय ते माणूस?"

"कोण नाय," सगुण म्हणाला.

"मगाशी होतं, आता न्हाई?"

"मगाशीय नव्हता."

"अवो, खरं सांगा. बायकोला घेऊन आलासा न्हवं? भांडण झालं काय? झालं तर झालं, भांडणं कुणाची हुईत न्हाईत? पण आता सांगा!"

"माझी बायल धा म्हयने झाले, वारली."

"मग जागा कुणाची धरलासा?"

सगुणने पिशवी जवळ ओढली. अधिकारी त्याच्याकडे टक लावून बघत होता आणि फॉर्मवर काहीतरी लिहीत होता. परक्या मुलखातली कोठडी कशी असेल, तिथे चहा कसला मिळत असेल, असले विचार सगुणच्या डोक्यात येऊ लागले. अबोली आता वाळलीच म्हणायची.

शेवटी अधिकाऱ्याने सगळ्यांना तिकिटं दाखवायला सांगितली. एकेकाने दाखवली. सगुणने खिशातून घडी काढली आणि एकतीस वर्षांच्या सफाईने अंगठ्याने उलगडली.

घडीत दोन तिकिटं होती. एकमेकांना चिकटलेली, दोन्ही अर्धी फाडलेली.

पाण्यातून एक पाणबुडा वर आला. त्याला खाली माणूस सापडला नव्हता, पण चाकं असलेली एक कचेरीची खुर्ची सापडली होती. ती त्याने बोटीला टेकवली आणि सगळ्यांकडे बघत राहिला.

गेलं, आपलं डोकं खरंच गेलं. दोन तिकिटं घेतली आणि आठवतसुद्धा नाही. तो खिडकीपाशी कधी गेला, कसा उभा राहिला, हे आठवायचा त्याने जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. आठवत होता तो कठडा, पाव, गाऱ्हाणं. खिडकी आठवेना. आणि मग कळलं. खिडकी आठवेना, कारण तो खिडकीपाशी गेलाच नव्हता. तिकीट निहारने काढलं होतं.

त्याने वर बघितलं. कप्तानाने बोट माघारी वळवली होती, ती आता धक्क्याला लागत होती. काठावरच्या गर्दीतून निहार वाट काढत येत होता. फाईल उघडी, कागद सांडत होते, चेहरा पांढराफटक. "बाबा! बाबा!" करत तो फळीवरून आत शिरला आणि बापाला दोन्ही हातांनी चाचपू लागला.

"माका काय जावंक नाय रे," सगुण म्हणाला.

अधिकाऱ्याने दोन्ही तिकिटं निहारच्या नाकासमोर धरली आणि विचारलं, ही कोणी काढली? निहारने तिकिटं बघितली. एकदा, मग पुन्हा. बापाने मुलाचा तो चेहरा पाहिला. असा चेहरा त्याने रोज सकाळी दाढीच्या आरशात पाहिला होता, दुसरा कप ओतून झाल्यावर.

निहारच्या फाईलमधल्या कागदावरचा शिक्का अजून ओला होता.

"मीच सांगलंय तेका," सगुण मोठ्याने म्हणाला. "दोन काढ म्हणान. बायलेक खिडकेची जागा जाय होती. बाय, ह्या इंग्लिशीत सांगा तेका."

"बाबा..."

"तू गप रव."

भाग्यलक्ष्मीने सांगितलं. सुरुवात शाळेतल्या आवाजात केली आणि शेवटाला येईपर्यंत आवाज फार खाली गेला. स्कार्फवाली बाई डोळे पुसू लागली. अधिकाऱ्याने मात्र डोकं खाजवलं. फॉर्म उघडला होता, त्याचा नंबर वरच्या कचेरीला कळवून झाला होता आणि तो आता भरून बंद करायला हवा होता. त्याने विचारलं, नाव?

"शेवंती सगुण गावस."

पुढे दोनच चौकोन होते. सापडली आणि सापडली नाही. अधिकाऱ्याने सगुणकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. मग 'सापडली'वर खूण केली, सही केली आणि सगुणला दोन वाक्यं रागावून बोटीतून उतरवलं.

"काय म्हणालो तो?" सगुणने विचारलं.

"म्हणतोय, पुढच्या टायमाला आधी सांगा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "आणि मी सांगते ते बी ऐका. मोजलासा ते बेस केलासा. खरंच कोण पडलं असतं तर?" तिने पंखा मिटून त्याला नमस्कार केला आणि आपले अकरा मोजत निघून गेली.

गाडीत बसल्यावर निहारने चावी फिरवली नाही.

"तू कित्याक सांगलंस तसा?"

"तुझे हयसर कागद आसत. नावार बोभाट नको. माझा काय, माका शनिवारी डॉक्टराकडे व्हरतलंसच."

निहार पुढच्या काचेतून बघत राहिला. "माका कळलाच नाय, बाबा. फोनार बोलत होतंय. खिडकेतल्यान विचारल्यान कितकी, आणि तोंडातसून 'दोन' इलां. तुमका दोघांक खंय धाडताना मी दोनच काढी..."

"माका सांगा नको. चाय तशीच जाता. पातेल्यात पाणी घालताना हात थांबणाच नाय."

बाहेर कचेऱ्यांतली माणसं परत कचेऱ्यांत गेली आणि रस्ता पुन्हा रिकामा झाला.

"शनिवारचो नंबर..." निहारने सुरुवात केली.

"दोघांचो लाव," सगुण म्हणाला.

निहार हसला. हसताना त्याने बाहीने नाक पुसलं, लहानपणी पुसायचा तसं. मग त्याने फोन काढला आणि त्यावर काहीतरी उघडलं. "पुढल्या आयतवारी गोव्याक, मोपाक जाणारा विमान आसा. काढू तिकीट? शांताक सांगतंय, तुझ्या चायेची काळजी नको."

"आणि अबोलेक पाणी घाल म्हणान सांग. तवसर."

फोनने विचारलं, प्रवासी किती? निहारचा अंगठा पडद्यावर थांबला. त्याने फोन बापापुढे धरला. "तूच मोज."

सगुणने मोजलं. कंडक्टरसारखं मोजलं, तेव्हा शून्य आलं. मग त्यात स्वतःला मिळवलं.

"एक."

"बरोबर?"

"बरोबर. दोनदा मोजलंय."

निहारने आकडा दाबला. "आणि सीट खंयची? खिडकेची घेऊ?"

"नको," सगुण म्हणाला. "खिडकेच्या बाजूची."

निहारने काही न विचारता बाजूची घेतली.